गोठविलेली कोंबडी आणि घानाची जकात

ज्या घरांत कोंबडी शिजते त्या घरांत तंगडी कोणाच्या ताटांत पडावी हा प्रश्न लहानसहान नसतो. जांवई आलेला असेल तर तो आपोआप सुटतो. नसेल तर मुलांमध्यें तंटा होतो आणि घरच्या गृहिणीला न्यायाधीशाचें काम करावें लागतें. आपल्या दृष्टीनें कोंबडीचें सर्वांत रुचकर अंग तें हेंच. परंतु अमेरिकेंतील गृहिणीला विचारलें तर ती छातीचें पांढरें, बिनहाडाचें मांस पसंत करील आणि तंगडीकडे फारसें लक्ष देणार नाहीं. दोन खंडांच्या आवडीनिवडींत एवढाच काय तो फरक. पण या फरकापायीं एका आफ्रिकी राष्ट्राचा सबंध धंदा बुडत आला, त्याच्या विधिमंडळानें केलेला कायदा कागदावरच राहिला, आणि तेथील कोंबडीवाल्यांना आपल्याच सरकारला न्यायालयांत खेंचावें लागलें. त्या राष्ट्राचें नांव घाना. ज्यांच्या घरीं मांसाशन वर्ज्य आहे त्यांनींहि हें भाषण ऐकण्यास हरकत नाहीं. कारण बोलण्यांत कोंबडी वारंवार आली तरी विचार करावयाचा आहे तो किंमतीचा.

घाना म्हणजे पूर्वीचें गोल्ड कोस्ट. ६ मार्च १९५७ रोजीं तें ब्रिटिश अंमलांतून मुक्त झालें. पश्चिम आफ्रिकेंत कोंबडी कांहीं नवी नव्हे. तिचा मूळ पूर्वज आपल्या आशियांतील रानकोंबडा. पण त्याचा वंश फार पूर्वींच तिकडे पोहोंचला होता. ज्या इब्न बतूतानें दौलताबादेचा किल्ला पाहून त्या मुलखाविषयीं लिहून ठेवलें, तोच प्रवासी १३५२ सालीं सहारा ओलांडून मालीच्या राज्यांत गेला, तेव्हां वाटेवरच्या गांवांतून बायका धान्य, दूध आणि कोंबड्या विकावयास आणीत असें त्यानें नमूद केलें आहे. अंगणांत दाणे टिपणारी आणि पाहुणा आला म्हणजे कापली जाणारी ही कोंबडी बाजारभावाच्या भानगडींत फारशी सांपडत नसे. भानगड सुरू झाली ती धंद्यासाठीं कोंबड्या पाळूं लागल्यानंतर.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत घानामध्यें या धंद्याला चांगलें उत्तेजन मिळालें. क्वाबेना डार्को या तरुणानें इस्रायलमध्यें कुक्कुटपालनाचें शिक्षण घेतलें आणि १९६७ सालीं कुमासी शहरीं स्वतःचा कारखाना काढला. पुढें तो देशांतील सर्वांत मोठ्या कोंबडीवाल्यांपैकीं एक झाला, इतका कीं १९९२ च्या निवडणुकींत अध्यक्षपदासाठीं उभा राहिला. पश्चिमेकडील डोरमा आहेंक्रो या गांवाच्या आसमंतांतहि कोंबडीपालन हा मोठाच व्यवसाय होऊन बसला. मका स्थानिक, मजूर स्थानिक, गिऱ्हाईक स्थानिक. पिलें व औषधें तेवढीं बाहेरचीं. धंदा सुखाचा नव्हता, पण उभा होता.

मग १९८३ साल आलें. घानाच्या इतिहासांतील अत्यंत कठीण वर्षांपैकीं तें एक. पाऊस पडला नाहीं, रानांत वणवे लागले, आणि नायजेरियानें हद्दपार केलेले लक्षावधि घानावासी त्याच वर्षारंभीं रिकाम्या हातांनीं घरीं परतले. तिजोरीहि रिकामीच होती. जेरी रॉलिंग्ज यांच्या सरकारनें आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक यांच्याकडे हात पसरले आणि त्यांनीं सांगितलेली आर्थिक पुनर्रचना पत्करली. सरकारी साहाय्यें आंखडावीं, चलनाची किंमत बाजारानें ठरवावी, आयातीवरील बंधनें सैल करावीं, असें तिचें स्वरूप होतें. ही योजना सर्वस्वीं चुकीची होती असें मीं म्हणणार नाहीं. दुकानांतील रिकामीं फळ्यां त्या योजनेनंतरच भरूं लागलीं. परंतु दार उघडलें कीं वारा कोणत्या दिशेनें येईल तें आपल्या हातीं राहत नाहीं. या विषयावरील लेखांतून नेहमीं दिला जाणारा आंकडा असा आहे कीं, १९९२ सालीं घानाच्या बाजारांतील कोंबडीपैकीं शेंकडा ९५ देशी होती आणि २००१ सालीं ती शेंकडा ११ वर आली. अवघ्या नऊ वर्षांत हा पालट झाला.

एवढी मोठी पिछेहाट कशी झाली हें समजण्यासाठीं परदेशी कोंबडीची किंमत कशी बनते तें पाहिलें पाहिजे. समजा, अमेरिकेंत एक कोंबडी वाढविण्यास, कापण्यास व साफ करण्यास शंभर पैसे खर्च आला. तिच्या छातीचें मांसच तेथील बाजारांत शंभर पैशांना गेलें, तर कारखानदाराचा खर्च भरून निघाला. राहिली ती तंगडी, मान, पाठ, पंख. तंगडीला तेथें मागणी कमी. फेंकून द्यावी तर त्यालाहि खर्च. अशा स्थितींत गोठविण्याचा आणि जहाजांत चढविण्याचा खर्च वजा जातां जें हातीं येईल तें सर्व नफाच. गेल्या कांहीं दशकांत अमेरिकन तंगडीचा घाऊक भाव बहुधा पौंडाला वीस ते पन्नास सेंटांच्या दरम्यान राहिला, त्याचें इंगित हें आहे. उलट घानाच्या कोंबडीवाल्याचा माल म्हणजे पिसांसकट जिवंत उभी कोंबडी. त्याच्या खर्चांतील शेंकडा साठ-सत्तर भाग केवळ मका व सोयाबीनच्या खाद्याचा. तो सगळा खर्च त्याला त्या एकाच कोंबडीच्या किंमतींतून काढावयाचा असतो. छातीसाठीं एक गिऱ्हाईक आणि तंगडीसाठीं दुसरें अशी सोय त्याला नाहीं. म्हणजे स्पर्धा कोंबडीची कोंबडीशीं नव्हतीच. ती कोंबडीची तिच्या उरल्यासुरल्या तुकड्यांशीं होती.

या तुकड्यांचा प्रवास तसा जुना आहे. सोव्हिएट राज्य डबघाईला आलें त्या सुमारास, १९९० नंतर, अमेरिकन तंगड्यांचे ढीग रशियांत येऊन पडूं लागले, आणि तेथील लोकांनीं अध्यक्ष बुश यांच्या नांवावरून त्यांना 'बुशच्या तंगड्या' असें थट्टेनें नांव ठेवलें. पुढें रशियानें २००२ मध्यें कांहीं काळ आणि २०१४ च्या ऑगस्टांत कडक बंदीच घालून हें दार लावलें. एका देशांत दार लागलें कीं तो माल दुसऱ्या बंदराकडे वळतो; आणि टेमा हें अशा मालाला नेहमींच उघडें असलेलें बंदर होतें. आक्रा शहराशेजारचें हें बंदर १९६२ सालीं सुरू झालें. शून्याखालीं अठरा अंशांवर ठेवलेल्या पेट्या तेथें उतरतात, शीतगृहांत जातात आणि तेथून किरकोळ विक्रेत्या बायकांच्या हातीं पडतात. अमेरिकेप्रमाणेंच ब्राझील, नेदरलँड्स, पोलंड अशा देशांचीहि नांवें त्या पेट्यांवर दिसत आलीं आहेत. युरोपच्या मालाला तर पुष्कळ वर्षें सरकारी निर्यात-साहाय्याचा आधार होता. कोंबडीपुरतें तें २०१३ सालीं शून्यावर आणण्यांत आलें.

आतां जकातीकडे वळूं. बंदरांत माल उतरला म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजाचें भाडें यांची बेरीज करून तीवर जकात आकारतात. बेरीज शंभर असेल तर वीस टक्के जकातीनें ती एकशेंवीस होते. त्यापुढें इतर कर. घानाची कोंबडीवरील जकात वीस टक्के होती. देशी आणि परदेशी मालाच्या किंमतींतील अंतर इतकें मोठें होतें कीं या विसांनीं त्यांत कांहीं भर पडत नव्हती. म्हणून २००३ च्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री याव ओसाफो-माफो यांनीं ती चाळीस टक्के करण्याचें जाहीर केलें. तांदुळावरील जकातहि वीसावरून पंचवीसांवर नेण्याचें ठरलें. विधिमंडळानें त्याप्रमाणें ६४१ क्रमांकाचा कायदा मंजूर केला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जागतिक व्यापार संघटनेशीं झालेल्या करारानुसार घानाला शेतमालावर ९९ टक्क्यांपर्यंत जकात बसविण्याची मुभा होती. म्हणजे चाळीस टक्के हा कोणत्याहि आंतरराष्ट्रीय कराराचा भंग नव्हता.

तरीहि कायदा टिकला नाहीं. नवी जकात वसूल होऊं लागते न लागते तोंच, मे २००३ मध्यें, ती थांबविण्याचा हुकूम जकात-खात्याला गेला. त्याच महिन्याच्या ९ तारखेस नाणेनिधीच्या संचालकांनीं घानाला नवें कर्ज मंजूर केलें होतें, आणि या कर्जाच्या मुदतींत ही वाढीव जकात अमलांत आणणार नाहीं असें आश्वासन घानाच्या अधिकाऱ्यांनीं दिलें असल्याचें निधीच्या कागदपत्रांतच नमूद होतें. ही आपली अट नव्हती, असें निधीचें म्हणणें. असेलहि. पण घाना तेव्हां अतिऋणग्रस्त राष्ट्रांच्या यादींत नांव घालून कर्जमाफीची वाट पाहत होतें. आणि सावकाराच्या ओटीवर बसलेल्या कुळाला अट घालावी लागत नाहीं, सावकाराची भिंवई वर गेली कीं पुरें, हें आपल्या खेड्यांतल्या कोणालाहि समजावून सांगावें लागणार नाहीं.

कोंबडीवाल्यांच्या संघटनेनें मात्र गप्प बसावयाचें नाकारलें. त्यांचा युक्तिवाद साधा होता: विधिमंडळानें केलेला कायदा कार्यकारी मंडळाला नुसत्या हुकुमानें गुंडाळून ठेवतां येतो काय? मार्च २००५ मध्यें आक्रा येथील उच्च न्यायालयानें निकाल कोंबडीवाल्यांच्या बाजूनें दिला. कायदा अस्तित्वांत असतांना तो न अमलांत आणणें बेकायदा आहे, असें ठरलें. हा विजय औट घटकेचा ठरला. त्याच वर्षीं सरकारनें विधिमंडळाकडून तो कायदाच रद्द करवून घेतला. ज्या सभागृहानें हात वर करून जकात बसविली, त्याच सभागृहानें हात वर करून ती काढली. लोकशाहीच्या सर्व रीतिभाती पाळल्या गेल्या होत्या. त्यामुळेंच मला तो प्रसंग अधिक खेदाचा वाटतो.

ज्या राष्ट्रांनीं घानाला मुक्त व्यापाराचे धडे दिले, त्यांचा स्वतःचा कोंबडीचा इतिहास येथें उघडून पाहण्यासारखा आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेची स्वस्त गोठविलेली कोंबडी पश्चिम जर्मनींत येऊं लागली, तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं जी ओरड केली ती पुढें घानांत झालेल्या ओरडीहून निराळी नव्हती. युरोपच्या आर्थिक संघानें काय केलें? १९६२ सालीं भक्कम जकात लावून तो माल अडविला. अमेरिका संतापली, आणि डिसेंबर १९६३ मध्यें अध्यक्ष जॉन्सन यांनीं उलट टोला म्हणून युरोपच्या ब्रँडीवर, बटाट्याच्या स्टार्चवर, डेक्स्ट्रिनवर आणि लहान मालमोटारींवर जबर जकात बसविली. मोटारींवरील ती पंचवीस टक्क्यांची जकात साठांहून अधिक वर्षें लोटलीं तरी उठलेली नाहीं. या प्रकरणाला इतिहासांत 'कोंबडीयुद्ध' असें नांव पडलें. युरोपचा कोंबडीचा धंदा त्या जकातीच्या भिंतीआड पोसला गेला, भिंतीबाहेर मान काढण्याइतका मोठा झाला, आणि मग आफ्रिकेंत उतरला.

ही विक्री तोट्याची, म्हणजे दुसऱ्याचा धंदा मारण्यासाठीं खर्चाहून कमी भावानें केलेली, म्हणावयाची कीं नाहीं, हा वाद मात्र वाटतो तितका सरळ नाहीं. तंगडीचा खर्च ठरवावा कसा? वजनाच्या प्रमाणांत कोंबडीचा सगळा खर्च वाटला तर तंगडीच्या वांट्याला मोठा आंकडा येतो, आणि ती तोट्यांत विकली जाते हें सिद्ध होतें. बाजारांतील किंमतीच्या प्रमाणांत वाटला तर तंगडीच्या वांट्याला थोडकाच खर्च येतो, आणि तोटा नाहींसा होतो. तंगडी तीच, हिशेब निराळा. चीननें २०१० सालीं पहिल्या रीतीचा हिशेब मांडून अमेरिकन कोंबडीवर दंडात्मक जकात लावली. २०१३ मध्यें जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडामंडळानें चीनविरुद्ध कौल दिला. दक्षिण आफ्रिकेनें २००० सालापासूनच अमेरिकेच्या हाडासकट तुकड्यांवर अशी जकात ठेवली होती. असे खटले चालवावयास निष्णात वकील आणि हिशेबनीस पदरीं असावे लागतात; तेवढें बळ घानाजवळ कोठून असणार?

शेजाऱ्यांनीं सरळ दारच लावलें. नायजेरियानें या शतकाच्या आरंभींच गोठविलेल्या कोंबडीला बंदी केली. सेनेगालनें २००५ सालीं, पक्ष्यांच्या साथीच्या तापाचें निमित्त साधून, तसेंच केलें. कॅमेरूनमध्यें नागरिकांच्या एका संघटनेनें शीतगृहांची साखळी तुटून बाजारांत येणारें मांस किती खराब झालेलें असतें हें तपासून चव्हाट्यावर मांडलें, आणि तेथेंहि २००६ मध्यें आयात बंद झाली. पण बंदीचीहि एक गंमत आहे. नायजेरियाला लागून बेनिन नांवाचा चिमुकला देश आहे. त्याच्या कोटोनू बंदरांत वर्षाला लाखाहून अधिक टन गोठविलेली कोंबडी उतरूं लागली. नुसत्या कागदावरून पाहिलें तर बेनिनचा माणूस पृथ्वीवरील मोठाच कोंबडीखाऊ ठरावा; वस्तुतः त्यांतील बहुतेक माल रात्रीच्या अंधारांत सरहद्द ओलांडून नायजेरियाच्या बाजारांत जात असे. म्हणून आयातनिर्यातीचे आंकडे वाचतांना दोन्ही टोंकांच्या वह्या पडताळून पाहाव्या लागतात. निघतांनाच्या किंमतीहून पोहोंचतांनाची किंमत जास्त असावयास हवी, कारण मध्यें जहाजाचें भाडें पडतें. ती कमी दिसली तर समजावें कीं जकात चुकविण्यासाठीं कोणीतरी लेखणी वांकडी चालविली आहे.

घानानें स्वतः एकदां निराळ्या वाटेनें प्रयत्न केला होता. टर्कीच्या शेपटीचा भाग, ज्याला तेथें 'त्सोफी' म्हणतात, हा निव्वळ चरबीचा गोळा. अमेरिकेंत त्याला गिऱ्हाईक जवळजवळ नाहीं. आक्राच्या रस्त्यांवर तो तळून आवडीनें खातात. १९९९ सालीं घानानें मांसांतील चरबीचें प्रमाण ठरवून दिलें, आणि त्या नियमानें त्सोफीची आयात बंद पडली. आरोग्याच्या नांवानें घातलेल्या या बंदीविरुद्ध सावकारांनींहि फारशी कुरकुर केली नाहीं. त्सोफी मात्र बाजारांतून कधींच पुरती हटली नाहीं.

येथवर ऐकून कोणाला वाटेल कीं सारा दोष परक्यांचा. आक्रांतील गृहिणीची बाजूहि ऐकली पाहिजे. देशी कोंबडी घ्यावयाची तर सबंध, बहुधा जिवंत घ्यावी लागते. घरीं आणून कापावी, सोलावी लागते. आणि किंमत पुष्कळच जास्त. शीतगृहांतली तंगडी ती दोन घेऊं शकते, चार घेऊं शकते, हातांत असतील तेवढ्या पैशांची घेऊं शकते. गरिबाच्या घरीं आठवड्यांतून एकदां मांस शिजूं लागलें तें या परक्या पेटीमुळें. चाळीस टक्के जकात बसली असती तर तिचा पहिला चटका याच चुलीला लागला असता, हें कोंबडीवाल्यांच्या कैवाऱ्यांनीं मोकळेपणानें कबूल करावयास हवें होतें. पुष्कळांनीं तें केलें नाहीं. देशांत कोंबडी कापून, तुकडे करून, गोठवून देणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि विजेचा तर भरंवसाच नाहीं. २०१२ पासूनच्या तीन-चार वर्षांत वीज इतकी वेळोवेळीं जाई कीं लोकांनीं तिला 'डुमसोर' असें नांव ठेवलें, म्हणजे 'विझली-पेटली'.

आपल्याकडेहि हा प्रसंग आला होता. २००१ सालीं आयातीवरील जुनीं बंधनें उठलीं तेव्हां अमेरिकन तंगड्या मुंबई बंदरांत उतरतील या कल्पनेनें पुण्याच्या आसपासचे कुक्कुटपालक धास्तावले होते. भारतानें अशा तुकड्यांवर शंभर टक्के जकात ठेवली आणि तें संकट टळलें. हिंदुस्थानचा बाजार मोठा, धंदा मोठा, शब्दाला वजन मोठें. घानाच्या कोंबडीवाल्याजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें.

पुढें पश्चिम आफ्रिकेच्या राष्ट्रसंघानें सामाईक जकात ठरविली आणि घानांत २०१६ पासून कोंबडीवर पस्तीस टक्के लागूं झाले. चाळीसांसाठीं झगडलेल्यांना तेरा वर्षांनीं पस्तीस मिळाले. पण तोंवर धंदा मोडलेला होता. आयात वर्षाला एक लाख टनांच्या वर गेली होती. मग २०२२ सालीं एक विचित्र प्रकार घडला. घानाचें चलन, सेडी, इतकें घसरलें कीं जकातीला जें साधलें नव्हतें तें चलनानें एका वर्षांत साधलें: परदेशी कोंबडी महागली. इतकेंच नव्हे, तर तांदूळ, कोंबडी, खाद्यतेल, अगदीं दांत कोरावयाच्या काड्यासुद्धां आणण्यासाठीं मध्यवर्ती बँक परकीय चलन पुरविणार नाहीं असें सरकारनें जाहीर केलें. देशी कोंबडीवाल्याला आतां तरी बरे दिवस यावेत. पण त्याचें सोयाबीन, त्याच्या लसी, त्याचीं उबवावयाचीं अंडीं हींहि डॉलरांतच येत होतीं. तींहि तितक्याच वेगानें महागलीं. डिसेंबरांत घानानें परदेशी कर्जाची फेड थांबविली, आणि मे २०२३ मध्यें नाणेनिधीनें तीन अब्ज डॉलरांचें नवें कर्ज मंजूर केलें.

डोरमा आणि कुमासीकडच्या बहुतेक कोंबडीवाल्यांनीं मांसाचा नाद फार पूर्वींच सोडून अंडीं धरलीं आहेत. अंडें गोठवून जहाजानें पाठवितां येत नाहीं, एवढाच त्यांतला दिलासा. मांसासाठीं पिलें ते वर्षांतून दोनदां घेतात, नाताळासाठीं आणि ईस्टरसाठीं. सणाला घरीं जिवंत कोंबडी आणावी, ही रीत आक्रांत अजून मोडलेली नाहीं. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पिलें घातलीं म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस तीं विक्रीला येतात, रस्त्याच्या कडेला पिंजरे मांडले जातात, आणि आठ-पंधरा दिवस देशी कोंबडीला तिच्या खर्चाला साजेसा भाव मिळतो. जानेवारींत पिंजरे उचलले जातात आणि शीतगृहासमोरची रांग पुन्हां सुरू होते.